हंपीहून दक्षिणेला, म्हणजे खोल

हंपी, सोमवार

प्रिय आई,

सुखरूप पोचले. विरूपाक्षाचं दर्शन घेऊन मातंग टेकडी चढले. आपल्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना हे गुलाबी-करडे धोंडे आधी खरेच वाटत नाहीत. याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. इथपासून दक्षिणेला सुमारे चारशे किलोमीटर पसरलाय, रुंदी मात्र वीस-तीसच. वय अडीचशे कोटी वर्षं; आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट जेमतेम साडेसहा कोटींचा.

इथलं अख्खं भूकवच कललेलं आहे आणि वरून झिजलंय. त्यामुळे हंपीला जमिनीखाली थोड्याच खोलीवर गोठलेला खडक दिसतो, तर पार दक्षिणेला वीसेक किलोमीटर खालचा उघडा पडलाय. उद्या बसने दक्षिणेला निघाले की मी खोल उतरत जाणार!

रामनगर, गुरुवार

आई, ‘शोले’तला गब्बरचा कातळ पाहिला. या गावाचं जुनं नाव क्लोजपेट, खडकाला नाव मिळालं ते यावरूनच.

फोनवर तू विचारलंस, एवढ्या टणक दगडाला पीळ पडतो कसा? आज भिंग लावून दोन तास त्याच्यापाशीच बसले होते. अंगठ्याच्या पेराएवढे फेल्डस्पारचे स्फटिक, बहुतेक सगळे उत्तर-दक्षिण आडवे झालेले. पण एकही मोडलेला नाही, कडा शाबूत. तुझी चिक्की आठव. पाक गरम असताना लाटलं की शेंगदाणे सरकून नीट बसतात; निवल्यावर लाटायला जा, तडकतात. हा ग्रॅनाइट अर्धवट पातळ असतानाच दाबला, ओढला गेला. ओढ्याकाठी एका अरुंद पट्ट्यात मात्र स्फटिक भरडलेले, गारगोटीच्या कणांच्या फिती झालेल्या. तिथे निवल्यानंतरही ओढ चालूच होती.

कब्बालदुर्ग, रविवार

आता तळाशी आले. इथे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत सरकत होते, त्याला शिअर झोन म्हणतात. जुना पट्टेदार नाइस खडक वितळून त्याचा गुलाबी रस याच सरकत्या वाटांनी वर चढलेला दिसतो. खालून, भूकवचाखालच्या प्रावरणातला काळसर रसही आला, दोन्ही मिसळले. खालून एवढी उष्णता का आली, यावर अजून वाद आहे: कुणी प्रावरणातून उसळलेला उष्ण लोट म्हणतं, कुणी भूखंडांची टक्कर. पण ग्रॅनाइट आधी झाला आणि मग ताणला गेला, हे मला आता पटत नाही. सरकण्यानंच त्याला वाट दिली. इथल्या खाणीत नाइसमध्ये चार्नोकाइट नावाच्या हिरवट, तेलकट खडकाचे डाग आहेत. भूवैज्ञानिक पिचमुथूंनी १९६० मध्ये ते जगापुढे आणले. हात लावून आले.

दगड फोडण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण काढावा लागतो, नाहीतर ओढ कुठल्या दिशेची होती ते कळत नाही. चार नमुने पार्सलने येतील. उघडलेस तर धुऊ नकोस, बाण खडूचे आहेत.

तुझी,
मनू