एकादशीची खिचडी

एकादशीस पानांत साबुदाण्याची खिचडी पडतांच, ‘हा आपला सनातन आहार!’ असें मीं नातवंडांस अभिमानानें सांगितलें. धाकट्या नातीनें फोनवर मराठी विश्वकोश उघडला. तेथें तो कोणासहि विनामूल्य वाचतां येतो. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा करतात तो कसावा, हे चारहि मूळचे अमेरिका खंडांतले! १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचण्यापूर्वीं आपल्या पूर्वजांस त्यांची चवहि ठाऊक नव्हती.

‘आजोबा, रागावलांत?’ तिनें भीतभीत विचारलें. ‘शहाणपणा पुरे’ हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते मीं घांसाबरोबर गिळले.

आतां रोज रात्रीं निजण्यापूर्वीं आम्ही दोघें एक नवी नोंद वाचतों. त्यामुळें माझी वडीलकी उणावली नाहीं. खिचडीची गोडीहि नाहीं.