झुश्तु आणि धर्मकाटा

लिस्बनच्या दुकानात मी कोट घालून पाहत होतो. विक्रेती मान हलवत म्हणाली, "मुइंतु झुश्तु." फार न्यायी! तिला म्हणायचं होतं, पोटावर आवळतोय. रास्त भाव झुश्तु, सज्जन माणूस झुश्तु आणि आवळलेला कोटही झुश्तुच. स्पॅनिश लोक हाच शब्द घशातून 'खुस्तो' असा काढतात आणि जेमतेम पुरेल तेवढ्यालाही वापरतात.

बाबांना फोनवर सांगितलं, तर कौंडण्यपुराहून लगेच निकाल आला. "बराबरच हाये ना बापा. मापात बसलं ते न्यायाचं."

बाबांचा जन्म कापूस तोलण्यात गेला. वर्धा नदी ओलांडून आर्वीच्या बाजारात गाडी न्यायची, धर्मकाट्यावर आधी भरलेली तोलायची, मग रिकामी. मधला फरक तो कापूस. काट्याच्या नावातच धर्म आहे, हे मला अजूनही थोर वाटतं. पण पुढे ओलाव्याच्या नावाखाली व्यापारी क्विंटलमागे कडता कापायचा आणि धर्म काट्यावरच राहायचा. झुश्तुही तसाच, नुसत्या मापाचा शब्द. मूळ लॅटिन 'यूस' म्हणजे कायदा, हक्क. त्यावरून 'युस्तुस', नियमाला धरून असलेला. नेमका धरून, तसूभर सैल नाही, म्हणून तो कोटापर्यंत पोचला. ऋग्वेदात 'शम्'च्या जोडीनं येणारा 'योः' हा क्षेमाचा शब्द भाषाशास्त्रज्ञ 'यूस'च्याच नात्यातला मानतात. आपले 'रास्त' आणि 'वाजवी' मात्र फारसी-अरबीतून आलेले.

'यूस'च्याच घराण्यातला पोर्तुगीज 'झुरु' म्हणजे व्याज! न्याय आणि व्याज एका रक्ताचे, हे सावकारी पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला कोणी पटवून दाखवावं.

झुरुवरून आठवलं. इथे पोर्तुगालमध्ये घरासाठी कर्ज काढणार असाल, तर बँकेच्या कागदावर दोन टक्केवाऱ्या दिसतील. 'टॅन' म्हणजे नुसता व्याजाचा वार्षिक दर. 'टीएईजी'त व्याजासोबत बँकेची फी, कर, सक्तीचा विमा असा सगळा कडता धरलेला असतो. समोरचा गोड बोलत टॅनवर बोट ठेवतो. तुम्ही टीएईजी विचारा. आणि दोन बँकांचे आकडे ताडताना रक्कम व मुदत सारखीच घ्या, नाहीतर त्या तुलनेला अर्थ नाही.