भरीव ठिपका

ब्रेकपॉइंट लागत नाही, ही तक्रार दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ठिपका पोकळ दिसतो. त्यावर माउस नेला की सिम्बॉल लोड झालेले नाहीत, हे डिबगर स्वतःच सांगतो. मग सिम्बॉल फाइल शोधायची, ती त्याच बिल्डची आहे ना बघायचं, झालं. त्यावर लेख लिहिण्यासारखं काही नाही. माझा विषय भरीव ठिपका. डिबगरने तो मान्य केलेला असतो, पत्ता दाखवलेला असतो. त्या ओळीचं काम डोळ्यांदेखत चाललेलं असतं, रिले पडत असतो, डिस्प्लेवरचा आकडा बदलत असतो, आणि प्रोग्राम मात्र थांबत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात बोर्डांवरच्या फर्मवेअरवर ज्यांचं पोट आहे त्यांना हे नवीन नाही. असा ठिपका दिसला की नव्वद टक्के लोक तो एक ओळ वर किंवा एक ओळ खाली सरकवून बघतात. माझं म्हणणं असं की त्या क्षणी ठिपक्याला हात लावणं ही सगळ्यात वाईट चाल आहे. न लागलेला ब्रेकपॉइंट ही साक्ष असते. आपण जो प्रोग्राम वाचतोय तो आणि जो चालतोय तो, हे दोन वेगळे आहेत, असं ती सांगत असते. आपण मात्र साक्षीदारालाच खोटं ठरवून मोकळे होतो.

ब्रेकपॉइंटची कल्पना एनिॲक या यंत्राच्या काळातली, म्हणजे १९४० च्या दशकातली. तिचं श्रेय बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं. त्या यंत्रात प्रोग्राम म्हणजे एका खणातून दुसऱ्या खणात गेलेल्या वायरी. जिथे थांबवायचं तिथली वायर उपसायची. त्या व्यवस्थेत ब्रेकपॉइंट न लागणं जवळजवळ अशक्य होतं, कारण वाचायचा प्रोग्राम आणि चालणारा प्रोग्राम अशा दोन वस्तूच नव्हत्या. वायर हातात आली म्हणजे ती यंत्रात नाही, इतकं ते उघड होतं. पुढे कंपायलर आले, लिंकर आले, आणि आपण लिहिलेली ओळ व यंत्राने उचललेली सूचना यांच्यात मजल्यांवर मजले चढत गेले. ओळ क्रमांक २१२ ही गोष्ट यंत्राला ठाऊकच नसते. त्याला फक्त पत्ते कळतात. ओळ आणि पत्ता यांची सांगड घालणारी एक तक्ता-फाइल असते आणि डिबगर तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. भरीव ठिपक्याचा अर्थ एवढाच की तक्त्यात पत्ता सापडला आणि तिथे खूण ठेवता आली. तिथून कुणी जाणार आहे, असं आश्वासन त्यात कुठेच नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण घेऊ. मलिक अंबरच्या काळापासून इथे जमिनीखालून नहरी खेळवलेल्या आहेत आणि हवेसाठी, साफसफाईसाठी त्यांना जागोजागी तोंडं ठेवलेली आहेत. एखाद्या तोंडाशी कुणी पाणी बघत बसला, त्याला थेंब दिसला नाही आणि तिकडे पाणचक्कीचा हौद भरलेला असला, तर त्याने काय समजावं? आपले डोळे अधू झाले असं नव्हे, पाणी दुसऱ्या नहरीने आलं असं. डिबगरपुढे बसलेला माणूस एवढा साधा निष्कर्ष काढायला तयार नसतो. आपण ज्या नहरीवर बसलो ती एकच आहे, ही त्याची ठाम समजूत असते.

पुराव्यादाखल एकच प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण इतका छळवादी प्रकार दुसरा नाही. एसटीएम३२ घराण्यातल्या कॉर्टेक्स-एम३ चिपवर काही फंक्शन मुद्दाम फ्लॅशऐवजी रॅममधून चालवतात. कधी वेगासाठी, कधी फ्लॅशवरच लिहायचं असतं म्हणून. त्यांचा कोड फ्लॅशमध्ये साठवलेला असतो आणि बोर्ड चालू होताना, मेन सुरू होण्याआधी, स्टार्टअप कोड तो रॅममध्ये उतरवतो. आता अशा फंक्शनवर ब्रेकपॉइंट ठेवा. या चिपमधले हार्डवेअर ब्रेकपॉइंट फक्त खालच्या कोड विभागातले पत्ते ओळखतात, रॅमचे नाही. म्हणून डिबगर रॅममध्ये त्या जागी थांबण्याची सूचनाच लिहून ठेवतो. ठिपका भरीव. मग बोर्ड रिसेट होऊन धावतो, स्टार्टअप कोड इमानेइतबारे आपलं काम करतो आणि फ्लॅशमधला मूळ कोड रॅममध्ये ओततो, नेमका डिबगरच्या सूचनेवर. खूण पुसली गेली, याची डिबगरला खबर नाही. फंक्शन हजार वेळा चालतं, ठिपका लालबुंद राहतो. खरा छळ पुढे आहे. मेनवर आधी थांबण्याचा पर्याय चालू असला तर हाच ब्रेकपॉइंट व्यवस्थित लागतो, कारण जीडीबी हा डिबगर प्रत्येक थांब्यानंतर पुढे निघताना आपल्या खुणा नव्याने लिहितो आणि मेनपर्यंत रॅममधली ओतणी आटोपलेली असते. म्हणजे एकाच्या टेबलावर लागतो, शेजारच्या टेबलावर नाही. कोड तोच, बोर्ड तोच, केबल तीच. फरक असतो सेटिंगमधल्या एका टिकमार्कचा. अशा वेळी ठिपका दहा ओळी वरखाली करून काहीही हाती लागणार नाही. बोर्ड न थांबवता त्या पत्त्यावर या क्षणी कोणते बाइट आहेत, एवढं वाचलं की खूण गेल्याचं दिसतं.

दुसरा प्रकार बूटलोडरचा. फर्मवेअरच्या दोन जागा असतात, नवं एकीत उतरतं, जुनं दुसरीत पडून राहतं. नव्यात काही बिनसलं असं बूटलोडरला वाटलं की तो मुकाट्याने जुन्याला उठवतो. बोर्ड चालतो, दिवे लागतात, सगळं नवंच चाललंय असं दिसतं आणि ब्रेकपॉइंट नव्या जागेच्या पत्त्यावर वाट बघत राहतो. संगणकावरच्या प्रोग्रामांचीही तीच कथा. जीडीबी सहसा मूळ प्रोसेसच्या मागे राहतो आणि काम तिच्यातून फुटलेली दुसरी प्रोसेस करते. फ्लास्कसारख्या वेब फ्रेमवर्कच्या सर्व्हरमध्ये फाइल बदलली की आपोआप पुन्हा चालू होण्याची सोय असते, तिच्यामुळे खरा सर्व्हर वेगळ्याच प्रोसेसमध्ये बसलेला असतो. ब्राउझरने जुनी जावास्क्रिप्ट फाइल कॅशमधून काढलेली असते. ऑप्टिमायझेशन चढवलेलं असलं तर कंपायलरने छोटं फंक्शन बोलावणाऱ्याच्याच पोटात विरघळवून टाकलेलं असतं आणि स्वतंत्र उरलेल्या प्रतीकडे कुणी फिरकत नाही. हे सगळे प्रकार दिसायला निराळे, पण प्रत्येकात चालणारा प्रोग्राम वाचलेल्या प्रोग्रामहून वेगळा आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढं तत्त्वज्ञान कशाला, सगळं क्लीन करा, रिबिल्ड करा, बोर्ड पुन्हा फ्लॅश करा, बहुतेकदा लागतो. लागतो, हे खरं. पण का लागत नव्हता हे त्या क्षणी कायमचं पुसलं जातं. जुनी बायनरी चालू होती का? मग ती अजून किती बोर्डांवर आहे? बूटलोडर जुन्या जागेवर का गेला? ग्राहकाकडे गेलेल्या मालात तो तसाच जाणार आहे का? ब्रेकपॉइंट न लागणं ही कधीकधी खऱ्या दोषाची पहिली आणि फुकटातली बातमी असते आणि रिबिल्डवाला ती न वाचताच फाडतो. आता एक कबुली देतो. रिबिल्डवाल्यांवरचा माझा राग अगदी निःस्वार्थ नाही. कुणाच्या टेबलाशी जाऊन, मेमरीतले चार बाइट वाचून, ‘तुमचा प्रोग्राम हा नव्हेच’ असं चारचौघांत सांगण्यात एक सुख आहे आणि त्या सुखाची मला चटक आहे. पुरावा पुसला गेला की ती संधीही जाते. पण सांगणारा गर्विष्ठ आहे म्हणून पुरावा खोटा ठरत नाही.

दुसरा आक्षेप प्रिंटवाल्यांचा. त्यांची फौज मोठी आहे आणि त्यांत माझ्याहून हुशार लोक आहेत. ते म्हणतात, ब्रेकपॉइंटच्या नादी लागताच कशाला, एक ओळ छापा आणि बघा. मोटर चालवणाऱ्या बोर्डावर मी त्यांच्या बाजूचा आहे. तिथे भलत्या क्षणी प्रोसेसर थांबवला आणि टायमर गोठवायची सोय केलेली नसली, किंवा गोठताना आउटपुट उघडंच राहिलं, तर मॉसफेट जळू शकतो. पण छापणंही निर्दोष नाही. सिरियल पोर्ट ११५२०० च्या वेगाने चालत असेल तर एक अक्षर बाहेर पडायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. मोटरचा पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झचा असेल तर त्याचं एक आवर्तन ५० मायक्रोसेकंदांचं. अक्षर बाहेर पडेपर्यंत थांबून राहणारा साधा प्रिंट वापरला, तर एका अक्षरात आवर्तन उलटून जातं आणि आपण मोजतोय ती गोष्ट मोजण्यानेच बदललेली असते. माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट अशी की, प्रिंटची ओळ घालायची म्हणजे नवीन बिल्ड करायचं. ती उमटली तर नवा प्रोग्राम चालतोय एवढं कळलं. आधी कोणता चालत होता, हा प्रश्न तसाच राहिला. आणि ती उमटली नाही तर प्रिंटवाला आणि ब्रेकपॉइंटवाला एकाच खड्ड्यात उभे असतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. साक्षीदारच कमकुवत असतो त्याचं काय? कॉर्टेक्स-एम३ मध्ये सूचनांसाठी हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहा. एम० मध्ये जास्तीत जास्त चार. इंटेलने १९८५ मध्ये ३८६ काढला तेव्हापासून त्या घराण्यातल्या प्रोसेसरांत यासाठी पत्त्यांची रजिस्टरं चारच. सातवा ठिपका ठेवला की काही साधनं स्पष्ट नकार देतात, काही चालू होताना कुरकुरतात, आणि ती कुरकुर कन्सोलच्या ज्या कोपऱ्यात येते तिथे कुणी बघत नाही. चिप झोपेच्या मोडमध्ये गेली की डिबगरचा दुवा तुटू शकतो. थांबलेल्या प्रोसेसरला वॉचडॉग लटकलेला समजतो आणि रिसेट करतो. डिबगिंगच्या पिना कुणीतरी दिव्यासाठी वापरून टाकलेल्या असतात. हे सगळं होतं, आणि तेव्हा ‘दोन प्रोग्राम’ हे माझं सूत्र लंगडं पडतं. तरी एक बघा. यातल्या बहुतेक वेळी साधन काहीतरी बोललेलं असतं, किंवा सगळंच बंद पडतं. दुवा तुटला तर एकही ब्रेकपॉइंट लागत नाही. बाकीचे सगळे लागतात आणि नेमका एकच गप्प राहतो, तेव्हा साधनावर संशय घेण्याआधी त्या पत्त्यावर घ्यावा, एवढंच माझं मागणं.

हे आज लिहायचं कारण असं की या दोन प्रोग्रामांमधलं अंतर झपाट्याने वाढतंय. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्या मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले, तेव्हा इथलं कसब मुख्यतः लोखंडाचं होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बहुतेक दुचाकींमधून साधा कार्बोरेटर गेला आणि इंधन किती सोडायचं हे एक इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवू लागली. लोखंडाच्या पट्ट्यात कोडची कामं वाढली. माणसं मात्र त्या मानाने तयार झाली नाहीत. सिडकोपासून उस्मानपुऱ्यापर्यंत क्लासच्या पाट्या आहेत. तीन महिन्यांत फुल स्टॅक शिकवतात, पण डिबगरमधून मेमरीची खिडकी उघडून दाखवणारा क्लास माझ्या पाहण्यात नाही. जी चुणचुणीत मुलं हे आपलं आपण शिकतात ती हिंजवडीला जातात. तिथल्या मंडळींचा तोरा असा की बोर्डावर काम करणारे म्हणजे हवेत सोल्डरचा धूर करणारे. त्यांच्या क्लाउडवरच्या सर्व्हरला बहुधा डिबगर जोडताच येत नाही, लॉग वाचून अंदाज बांधावे लागतात, ही गोष्ट तोऱ्यात बसत नाही म्हणून ते सांगत नाहीत. (मत्सर असेल यात. पगाराचे आकडे मलाही ठाऊक आहेत.) आता त्यात भर पडली आहे ती एआयने लिहिलेल्या कोडची. पूर्वी निदान लिहिणाऱ्याच्या डोक्यात प्रोग्रामची एक प्रत असायची. आता पडद्यावरचा मजकूर कुणी मन लावून वाचलेला नसतो, मग चालणारा त्याच्याशी जुळतो का, हे विचारणार कोण? ब्रेकपॉइंट लागला नाही म्हणून पोरं तेच एआयला विचारतात आणि ते दहा उपायांची यादी देतं, त्यात क्लीन-रिबिल्ड हमखास वरच्या दोनांत. चालणाऱ्या बोर्डाला ते जोडलेलंच नसेल, तर त्याला तरी दुसरं काय सुचणार.

म्हणून या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांच्या मालकांना आणि त्यांच्याकडच्या इंजिनिअरांना एक विनंती. माल बाहेर जातो तेव्हा तुम्ही फक्त हेक्स फाइल ठेवता, कधी तीही पेन ड्राइव्हवर. तिच्याबरोबर त्याच बिल्डची एल्फ फाइल आणि मॅप फाइल ठेवा, आणि बिल्डचा क्रमांक फर्मवेअरमध्येच एका ठरलेल्या पत्त्यावर लिहून ठेवा. वर्षाने बोर्ड परत आला तर त्यात कोणता प्रोग्राम आहे हे मग बोर्डच सांगेल. हेक्स फाइलमध्ये ओळींचा तक्ता नसतो, तो एल्फ फाइलमध्ये असतो, आणि एल्फ फाइल नंतर मूळ कोडवरून पुन्हा बिल्ड करायला गेलात तर तोवर कंपायलरची आवृत्ती बदललेली असते. छोट्या कंट्रोलरच्या या दोन फाइली मिळून सहसा काही एमबी भरतात.