वेस न ओलांडणारं गाव

इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगरांत ईम हे एवढंसं गाव आहे. दगडी घरं, पलीकडे मेंढ्यांची कुरणं, अगदी चित्रातलं! पण मैत्रिणींनो, १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाबरोबर इथं प्लेग शिरला, असं सांगतात. तो आसपास पसरू नये म्हणून पुढच्या वर्षी गावानं स्वतःलाच कोंडून घेतलं. वेशीवरच्या दगडाला भोकं आहेत. त्यांत व्हिनेगर घालून पैसे ठेवायचे, बाहेरचे लोक अन्नधान्य ठेवून जायचे.

गावाबाहेर माळावर हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकनं नवरा आणि सहा मुलं पुरली, तीही एकटीनं. शेजारीण तरी कशी धावून येणार? एलिझाबेथ मात्र वाचली. आता त्या कबरींभोवती गोल दगडी कुंपण आहे.