मापटे आणि धान्य

तीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे एक सवय जडली आहे. शोधनिबंध हातात आला की मी आधी शेवटचे पान उघडतो. लेखकाने कोणाकोणाचा आधार घेतला, कोणाचे ऋण मानले, ते तिथे कळते. हीच नावे उलट बाजूनेही मोजता येतात, म्हणजे एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे किती जणांनी केला ते काढता येते. ही कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांनी रुजवली आणि १९६४ साली विज्ञानातील उल्लेखांची सूची काढली. आम्हा ग्रंथपालांना ती वाटाड्यासारखी होती. एका निबंधावरून पुढच्या दहांपर्यंत जाता येई. पुढे याच वाटाड्याच्या हाती लोकांनी तराजू दिला.

तो तराजू आता आमच्या घरातही येऊन बसला आहे. माझी पुतणी बेंगळूरला मेंदूच्या पेशींतील प्रथिनांवर संशोधन करते. कायम नोकरीसाठी अर्ज केला, तर पहिला प्रश्न आला, "तुमचा एच-निर्देशांक किती?" हे माप २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवले. निर्देशांक ११ म्हणजे प्रत्येकी किमान ११ वेळा उल्लेख झालेले ११ निबंध. तिचा तेवढाच आहे. माझ्या आईने भाबडेपणाने विचारले, "अकरा? कितीपैकी गं?" पोरगी हसली आणि उठून आत गेली.

रात्री जेवणानंतर म्हणाली, "काका, ज्या कामात मी चार वर्षं घातली, त्याचा उल्लेख आजवर चौघांनीच केलाय. आणि पेशी रंगवायची एक साधी रीत लिहिली होती, ती मात्र सगळे वापरतात. त्यावरच माझा भाव ठरणार का हो?"

मला ऑलिव्हर लौरी आठवले. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते औषधशास्त्राचे प्रमुख होते. मेंदूचा गोठवून वाळवलेला पातळ काप घ्यायचा, त्यातून एकच चेतापेशी कोरून काढायची, काचेसारख्या क्वार्ट्झच्या तंतूवर ती तोलायची आणि तिच्यातली रसायने मोजायची, हे त्यांचे खरे वेड. पण नाव झाले ते १९५१च्या एका निबंधाने. द्रावणात प्रथिन किती आहे, हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून ठरवायची रीत त्यात होती. २०१४ साली मोजदाद झाली, तेव्हा त्या निबंधाचे उल्लेख ३ लाखांवर गेले होते. साऱ्या विज्ञानात पहिला क्रमांक! हा काही थोर निबंध नव्हे, पण लोकांचा प्रतिसाद पाहून मनातून गंमत वाटते, अशा अर्थाचे खुद्द लौरींनीच १९७७ साली लिहून ठेवले आहे.

आमच्या रविवार पेठेत पूर्वी मापटे दिवसाकाठी शेकडो वेळा पोत्यात बुडे. त्याच्यावाचून पेठ चालत नसे हे खरे. पण म्हणून कोणी त्याला धान्य म्हटले नाही.

आता त्याच विद्यापीठातली दुसरी गोष्ट. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटलीतल्या ज्यू डॉक्टर. मुसोलिनीच्या १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी त्यांचे काम सुटले. तेव्हा तुरिनमधल्या घरी झोपण्याच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर प्रयोग केले. गर्भाच्या अवयवाचा अंकुर काढला, की तिकडे जाणाऱ्या चेतापेशी कमी होतात. त्या मुळात तयारच होत नाहीत, असे व्हिक्टर हॅम्बर्गर यांचे मत होते. रिटाबाईंना दिसले ते वेगळे. पेशी तयार होतात, पण काहीतरी न मिळाल्याने मरतात. इटलीत छापणे शक्य नव्हते, म्हणून गुरू ज्युसेप्पे लेव्ही यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९४२ साली बेल्जियममध्ये, फ्रेंच भाषेत निघाला. युद्धात कोण वाचणार तो?

पण एकाने वाचला. खुद्द हॅम्बर्गरनी. जर्मनीत जन्मलेल्या, अमेरिकेत स्थिरावलेल्या या माणसाने आपले मत खोडणाऱ्या बाईंना सेंट लुईसला बोलावून घेतले. १९४७ साली त्या तिथे गेल्या. ते 'काहीतरी' म्हणजे चेतापेशींना जगवणारे, वाढवणारे एक प्रथिन निघाले. स्टॅन्ली कोहेन यांनी ते वेगळे काढले आणि १९८६ साली दोघांना नोबेल मिळाले.

दोन-तीन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मर्म लवकर कळावे. एका देशाने दार लावले, दुसऱ्याच्या भाषेत लिहिले, तिसऱ्या देशात ते वाचले गेले. मोजणीच्या लेखी हॅम्बर्गर म्हणजे फक्त एक वाचक. शिवाय मोजणीला स्तुती आणि खंडन यांतला फरक कळत नाही. दोन्हींचा आकडा एकच.

तराजू फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. वशिल्यापेक्षा आकडा बरा, हे नोकरीत असताना पुष्कळदा वाटले आहे. पण आकडा पाहून निबंध न उघडणारा परीक्षक म्हणजे पोते न सोडता भाव सांगणारा व्यापारी.

पुतणीला विचारले, "ते चौघे कोण?" तिघांनी नुसते नाव घेतले होते. चौथ्या प्रयोगशाळेने तिचा प्रयोग पुन्हा करून पाहिला होता आणि एका मुद्द्यावर हरकत घेतली होती. म्हटले, "अगं, मग त्यांना आधी पत्र लिही. आणि अर्जात तोच निबंध पहिला घाल."

मुलाखतीचा निकाल अजून लागायचा आहे. पत्राचे उत्तर मात्र चार दिवसांत आले. पानभर प्रश्न आहेत म्हणे.