चार भोंगे

मुलांनो, धंतोलीतलं आमचं घर रेल्वेलाइनीच्या इतकं जवळ होतं की, मालगाडी गेली की फळीवरचे पितळी डबे एकमेकांशी बोलायला लागायचे. पाहुण्यांना रात्रभर झोप यायची नाही. आमचं उलटं. गाडी आली नाही की आमची झोप मोडायची! उत्तरेला नागपूरचं मोठं स्टेशन, दक्षिणेला अजनी आणि मधे आम्ही. अजनीला १९९० साली विजेच्या इंजिनांचं शेड झालं, तेव्हापासून तर नुसती इंजिनंच इंजिनं. कोणतं इंजिन चाललंय हे आम्ही भावंडं डोळे मिटून, आवाजावरून सांगायचो. (निम्म्या वेळा चुकायचो, ते सोडा.)

माझे बाबा रेल्वेत होते. ड्रायव्हर नाही, गार्ड नाही, स्टेशनमास्तरही नाही. ते ब्रेकडाउन गँगमध्ये होते. गाडी रुळावरून उतरली की तिला परत रुळावर चढवायला जी मदत गाडी धावते ना, त्या गाडीतली माणसं. शाळेत कुणी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर मी म्हणायची, "पडलेलं इंजिन उचलतात." वर्गात हशा व्हायचा. मुलांना वाटायचं मी थापा मारते.

या माणसांना बोलावायला भोंगा वाजायचा. त्याची एक भाषा असते. बाबांनी ती आम्हाला पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. दोन लांब भोंगे म्हणजे इथंच शेडमध्ये किंवा यार्डात काहीतरी झालंय. तीन लांब म्हणजे बाहेरगावी, पण मुख्य मार्ग मोकळा आहे. चार लांब म्हणजे बाहेरगावी आणि मुख्य मार्गही बंद. आणि त्यांच्यामागून एक आखूड भोंगा आला, तर माणसांना लागलंय, डॉक्टरांची गाडीसुद्धा हवी. म्हणून चार भोंगे झाले की आई श्वास रोखून पाचव्याची वाट बघायची. तो नाही आला की मगच ती स्टो पेटवायला उठायची. भोंगा झाल्यावर दिवसा अर्ध्या तासात आणि रात्री पाऊण तासात मदत गाडी निघालीच पाहिजे, असा नियम. त्यामुळे बाबांची एक पिशवी कायम भरलेली असायची आणि दाराशी त्यांचे जाड तळव्याचे बूट.

आता मी तुम्हाला त्या बुटांबद्दलच सांगणार आहे. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

मी चौथीत होते. उद्या तान्हा पोळा होता. विदर्भाबाहेरच्या मुलांना हा सण कदाचित माहीत नसेल. पोळ्याला शेतकरी खऱ्या बैलांना सजवतात आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मुलं आमच्या लाकडी बैलांना. लाकडी बैल, त्याच्या पायाखाली पाट, पाटाला चार चाकं. त्याला झूल, बेगड, फुलं लावायची, दोरीनं ओढत घरोघर न्यायचा आणि 'बोजारा' मिळवायचा. बोजारा म्हणजे बैलाच्या नावानं मुलांना मिळणारे पैसे! त्या वर्षी बाबा स्वतः आमच्याबरोबर स्पर्धेला येणार होते. आदल्या दोन वर्षी येतो म्हणाले होते आणि दोन्ही वर्षी भोंगा वाजला होता.

म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मी उठले आणि बाबांचे बूट धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवले. माझा हिशोब सरळ होता. बूट नाहीत, तर बाबा जाणार नाहीत.

पहाटे पाचला भोंगा झाला. एक, दोन, तीन, चार. पाचवा आला नाही. थोड्या वेळानं कॉलबॉयची सायकलही दाराशी आली.

"बूट कुठं गेले? आत्ता तं इथंच होते!"

बाबांनी पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं. आईनं कंदील घेऊन अंगण पाहिलं. मी पांघरुणात डोळे घट्ट मिटून पडले होते. बाहेर पाऊस होता. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, जाऊ दे. पण त्यांनी घड्याळात पाहिलं, पायात रबरी चपला सरकवल्या आणि पिशवी घेऊन धावत निघून गेले. चपलांचा फट-फट आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

स्पर्धेत आमच्या बैलाचं काय झालं ते मला आठवत नाही. बोजारा किती मिळाला तेही आठवत नाही. कोठीमागे जाऊन बूट बघून यायची, एवढं मात्र पक्कं आठवतं. ते काढून दाराशी ठेवायचं धैर्य होत नव्हतं.

बाबा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. कपडे चिखलानं कडक झालेले. पायात दुसऱ्या कुणाचे तरी बूट, बाबांच्या मापापेक्षा लहान. उजव्या बुटाचा पुढचा भाग ब्लेडनं कापलेला आणि त्यातून पट्टी बांधलेला अंगठा बाहेर आलेला. पहिल्या तासाभरातच, कुणाचे तरी बूट मिळायच्या आधी, पावसानं निसरडा झालेला लाकडी ओंडका त्यांच्या पायावर घसरला होता.

आई पाणी तापवायला आत गेली. मी कोठीमागून बूट आणून त्यांच्यासमोर ठेवले. तोंडातून शब्द फुटेना.

बाबांनी बुटांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "सापडले काय? बरं झालं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "काहून रडून राहिली? जा, बैल आण तुझा. इंजिन कसं उचललं ते दाखवतो."

तुम्हीही घरातली एखादी चाकांची गाडी घेऊन बसा, म्हणजे नीट कळेल.

ते इंजिन होतं डब्ल्यूएजी-५ जातीचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज आणि जी म्हणजे गुड्स, मालगाडीचं. वजन ११८.८ टन. मोठा हत्ती पाच टनांचा धरा, म्हणजे जवळजवळ चोवीस हत्ती! आणि हे चोवीस हत्ती रुळावर कशाच्या आधारानं टिकतात? प्रत्येक चाकाला आतल्या बाजूनं एक कड असते, जेमतेम तीन सेंटिमीटरची. तुमच्या खोडरबराएवढी म्हणा ना. ती कड रुळावर चढली की चाक पलीकडे उतरलंच. या इंजिनाची पुढची तिन्ही चाकांची जोडी उतरून मऊ मातीत रुतली होती आणि नाक खाली गेलं होतं.

तुम्हाला वाटेल, गेल्या गेल्या इंजिनाला हात घालत असतील. मुळीच नाही. आधी माणसं. कुणी अडकलंय का, कुणाला लागलंय का, ते बघायचं. मग वरच्या तारेतली वीज बंद करायची. ती २५,००० व्होल्टची असते आणि क्रेनची मान तिथंच वर जाणार असते. मग मागचे धड असलेले डबे सोडवून दुसऱ्या इंजिनानं ओढून न्यायचे. कधी कधी तर मोडलेलं इंजिन नुसतं बाजूला सरकवतात, रूळ दुरुस्त करून गाड्या सुरू करतात आणि इंजिनाकडे नंतर, सवडीनं पाहतात. "अडकलेल्या गाड्यांत लोक बसून असतात ना," बाबा म्हणाले, "लहान लेकरं असतात. इंजिनाले कुठं भूक लागते?"

आता बैल. आमच्या बैलाची पुढची चाकं आधीच ढिली झाली होती. बाबा म्हणाले, "उचल." मी उचलला. बैल वर आला आणि चाकं जमिनीवरच राहिली! बाबा हसले. इंजिनाचंही असंच असतं. वरचं धड दोन बोग्यांवर नुसतं बसलेलं असतं आणि एकेका बोगीत चाकांच्या तीन तीन जोड्या. नुसतं धड उचललं तर बोगी खालीच राहील. म्हणून आधी ती जाड साखळ्यांनी धडाला बांधायची. बाबांनी सुतळीनं चाकं पाटाला बांधली आणि मग सगळा बैल एकदम उचलला.

इंजिन उचलायला क्रेन असते, १४० टनांची. मी लगेच म्हटलं, मग ११८ टन काय अवघड? बाबांनी मला पाण्यानं भरलेला तांब्या अंगाजवळ धरायला सांगितला. धरला. मग म्हणाले, हात लांब करून धर. दोन मिनिटांत हात थरथरायला लागला. क्रेनचंही तेच. भार जितका लांब, तितकी तिची ताकद कमी. शिवाय ती आपले पाय पसरते तिथली जमीन पावसानं भुसभुशीत झालेली. पाय खचले तर क्रेनच आडवी! म्हणून त्या दिवशी बाबांच्या गँगनं जॅक लावले. तेलाच्या दाबावर चालणारे. नळीतून तेल दाबलं की जॅकचा दांडा वर येतो आणि मोटारगाडीएवढी नव्हे, इंजिनाएवढी वस्तू वर ढकलतो. पण किती वर? एका वेळी थोडंसंच. तेवढं वर आलं की खाली लाकडी ओंडके सरकवायचे, म्हणजे जॅक दगा देईल तरी इंजिन खाली येणार नाही. मग पुन्हा जॅक, पुन्हा ओंडके. पुरेसं उंच झालं की आडव्या जॅकनं रुळाच्या दिशेनं सरकवायचं, कड रुळाच्या आत येईपर्यंत. मग तितक्याच हळू खाली. भर पावसात, विजेऱ्यांच्या उजेडात. एकच माणूस हुकूम देतो आणि बाकी कुणी बोलत नाही. ओरडाआरडा झाला तर कुणाचा आवाज ऐकायचा?

"आणि ओंडका सरकवताना बोटं कुठं ठेवायची नसतात, ते पाय दुखल्यावर चांगलं लक्षात राहते," बाबा म्हणाले. बुटांबद्दल ते जे काही बोलले, ते एवढंच.

चार-पाच दिवसांनी ते इंजिन आमच्या घरामागून गेलं. स्वतःच्या पायांनी नव्हे, दुसऱ्या इंजिनाच्या मागे, माणसाच्या चालीनं. दिवा फुटलेला, पुढची लोखंडी जाळी वाकलेली आणि तिच्यात गवताचे झुबकेच्या झुबके अडकलेले. माझा लहान भाऊ ओरडला, "बाबा, त्याचा पण पोळा झाला!" फळीवरचे डबे त्या दिवशी वाजले नाहीत, इतकं ते हळू गेलं.

पुढं बाबा निवृत्त झाले. रेल्वेच्या बातम्या मात्र सुटल्या नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ ला नागपूरहून मुंबईला निघालेल्या दुरांतोचं इंजिन आणि ९ डबे आसनगावजवळ घसरले, तेव्हा ते दिवसभर टीव्हीसमोरून हलले नव्हते. आणि २३ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीच्या आदल्या रात्री, वर्धा-बडनेरा मार्गावर मालखेड आणि टिमटाळ्याच्या मधे कोळशाच्या मालगाडीचे २० डबे उतरले. सकाळी मीच त्यांना मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. फराळाचं ताट समोर होतं.

"माणसं?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"कुणालाच काही झालं नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग खिडकीबाहेर, लाइनीकडे बघत बसले.

"पाऊस होता काय तिकडं?"

"नाही. दिवाळीत कुठला पाऊस?"

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "लाकूड घसरत नाही." आणि त्यांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला.