अर्ध्या इंचाचा बोल्ट

भिवंडीच्या यंत्रमागाचे आराखडे संगणकावर करताना मी प्रमाणित संग्रहातील ‘एम १२’ बोल्ट योजला. चित्रात तो चपखल बसला. मागावर मात्र दोन फेऱ्यांतच अडकला. जॉबरांनी जुना बोल्ट हाती दिला: अर्धा इंच व्यास, इंचात १२ आटे, आट्यांचा कोन ५५ अंश. हे प्रमाण जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये, इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा करून त्यांच्या सरासरीवरून सुचवले. ‘एम १२’चा कोन ६० अंश आणि आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर, व्हिटवर्थच्या या बोल्टात ते सुमारे २.१२. तोवर माझे चित्र तीन कारखान्यांत पोहोचले होते. ते परत मागवले, जुने बोल्ट मोजून नवा संग्रह खुला केला आणि प्रत्येक नोंदीत आट्यांची जात लिहिली.